‘डुप्लिकेट थर्मामीटर’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

आठ महिन्यांचं बाळ तापलेलं असताना तुमची धावपळ झाली आणि काउंटरवरचा आमचा मुलगा उर्मटपणे बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण ‘डुप्लिकेट थर्मामीटर गळ्यात मारला’ हे फार लागलं. कोथरूडमध्ये १९ वर्षं मेडिकल चालवतोय, हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता.

घरी ९८.२ आणि तासाभरात डॉक्टरांकडे १०१.४, असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन तुम्ही दुकानात आलात, तेव्हा काय झालं तेही लिहायला हवं होतं. तुम्ही झबल्याच्या बाहीवरून थर्मामीटर काखेत धरलात आणि बीप व्हायच्या आत काढलात. आकडा आला ९७.६. मग मी झबलं सैल करायला सांगितलं, काख पुसून घेतली, टोक थेट कातडीला टेकवून बाळाचा हात छातीशी धरायला लावला आणि बीप होईपर्यंत थांबलो. १००.१ आला. तोच थर्मामीटर, तेच बाळ, मध्ये फार तर पाच मिनिटं. शिवाय डॉक्टरांनी कानात मोजला होता. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा अर्धा-एक डिग्री कमीच येतो, म्हणून काखेत ९९ च्या वर गेला की आम्ही लक्ष ठेवायला सांगतो.

‘सासऱ्यांना काही नसताना १०० दाखवला’ याचं उत्तर तुमच्याच बोलण्यात होतं. त्यांनी नुकताच चहा घेतला होता. जिभेखाली मोजायचा तर गरम किंवा गार काही घेतल्यावर अर्धा तास थांबावं लागतं.

‘औषध द्यायचं सोडून शिकवत बसतात’ असंही लिहिलंय. ताई, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर मी औषध देत नाही, लगेच डॉक्टरांकडे पाठवतो. तिथे चुकीचा आकडा परवडत नाही, म्हणून बोलतो.

थर्मामीटर परत घेतला नाही, कारण एका घरात तोंडात आणि काखेत लावलेली वस्तू दुसऱ्याच्या बाळासाठी कशी विकू?

यापुढे विकतानाच लावून दाखवू. मराठीत कागद छापून काउंटरवर चिकटवायचंही मनात आहे, बघतो. तुमचा थर्मामीटर घेऊन या, दुकानातल्या दुसऱ्या दोन थर्मामीटरशी ताडून बघू. खरंच चुकत असेल तर पूर्ण पैसे परत देईन. दुपारी १ ते ४ बंद असतं, संध्याकाळी मी स्वतः असतो. बाळाची तब्येत कशी आहे तेही कळवा.