त्या फॉरवर्डमधलं एक वाक्य खरं आहे

भारताचा फुटबॉल संघ कुठे हरला की एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. गेल्या काही महिन्यांत तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारींचा ग्रुप आहे. मजकुराचा आशय असा: 2017 साली आपण सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भरवला. त्यासाठी नवी स्टेडियमं बांधून पैसे उधळले. ती रिकामी राहिली. आयोजनाचा इतका बोजवारा उडाला की उपांत्य सामना ऐनवेळी दुसऱ्या शहरात न्यावा लागला. आपला संघ यजमान म्हणून फुकटात घुसला आणि तिन्ही सामने हरला. ती मुलं पुढे कुठे गायब झाली कुणाला ठाऊक. आणि एवढं करून काहीच बदललं नाही, भारतीय फुटबॉल होता तिथेच राहिला.

सहा आरोप आहेत. काही साफ खोटे, काही अर्धे. एक मात्र बराचसा खरा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

स्टेडियमं रिकामी होती, हे आधी घेऊ, कारण हे वाक्य वाचूनच मी लिहायला बसलो. त्या ऑक्टोबरात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मी स्वतः सामने पाहिले आहेत. नरक चतुर्दशीला, 18 तारखेला, फराळाची ताटं आवरून लोक घाना विरुद्ध नायजर बघायला आले होते. या दोन देशांशी नवी मुंबईचा काय संबंध? काही नाही. पण माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं हा काही पुरावा नव्हे, म्हणून आकडे. 6 ते 28 ऑक्टोबर, 24 संघ, 52 सामने, आणि एकूण प्रेक्षक 13,47,133. या वयोगटाच्या स्पर्धेत तोवर एवढा आकडा कधीच झाला नव्हता. आधीचा उच्चांक 1985 च्या चीनमधल्या पहिल्यावहिल्या स्पर्धेचा होता, 12,30,976.

आता आपल्याच बाजूचे लोक हा आकडा मिरवतात तेव्हा तेही एक गोष्ट गाळतात. चीनमध्ये सामने फक्त 32 होते. म्हणजे सरासरी तिकडे 38 हजारांच्या पुढे आणि आपल्याकडे 25,906. शिवाय साखळी फेरीत एका तिकिटावर पाचचा आणि आठचा असे दोन सामने बघता येत, त्यामुळे दोन्हीला बसलेला माणूस दोनदा मोजला गेला. दिल्लीत शाळकरी मुलांना हजारोंनी तिकिटं वाटली होती, हेही खरं. तेव्हा ‘जगातला सर्वांत मोठा प्रतिसाद’ असली छाती फुगवायचं कारण नाही. पण रिकामी? मडगावच्या फातोर्ड्यात वीस हजारांच्या आतच माणसं मावतात, गुवाहाटीत पंचवीस हजारांच्या आसपास. कोचीत सुरक्षेच्या नियमांपायी स्टेडियमची क्षमता मुद्दाम खाली आणली होती. अशी मैदानं धरूनही 52 सामन्यांची सरासरी 26 हजारांना टेकत असेल तर त्याला रिकामं म्हणता येत नाही. कोलकात्यात अंतिम सामन्याला 66 हजारांवर माणसं होती, आणि खेळत होते इंग्लंड आणि स्पेन.

नव्या स्टेडियमांचा आरोप तर एका ओळीत संपतो: एकही नवं बांधलं नाही. दिल्लीचं नेहरू स्टेडियम 1982 च्या आशियाई खेळांचं, कोलकात्याचं सॉल्ट लेक 1984 चं, मडगावचं फातोर्डा 1989 चं, कोचीचं 1996 चं, गुवाहाटीचं 2007 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेलं. आणि आमचं नेरुळचं 2008 चं, खासगी मालकीचं, मुळात क्रिकेटचं. खर्च झाला तो डागडुजीवर आणि सुधारणांवर. सॉल्ट लेकमध्ये खेळाडूंचे गुडघे सोलवटणारं कृत्रिम गवत होतं, ते उखडून नैसर्गिक हिरवळ आली. बाकांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या बसल्या, म्हणून एकेकाळी लाखभर माणूस कोंबणारं ते मैदान साठ-सत्तर हजारांवर आलं. कोचीत स्टेडियमच्या पोटात दुकानं थाटलेली होती, ती रिकामी करायचं प्रकरण कोर्टात गेलं.

जो खर्च फोटोत येत नाही तो सरावाच्या मैदानांचा. प्रत्येक शहरात एकाच वेळी चार-चार संघ मुक्कामाला. त्यांना मुख्य मैदानावर रोज सराव करू दिला तर आठवड्यात तिथे गवताचं पातं उरणार नाही. म्हणून फिफाची अट अशी की सरावाची मैदानंही मुख्य मैदानाच्या तोडीची हवीत: नैसर्गिक गवत, पाण्याचा निचरा, दिवे, कपडे बदलायच्या खोल्या. स्पर्धा संपल्यावर अशी मैदानं मुलांना खेळायला किती मिळाली, हा रास्त प्रश्न आहे. फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.

उपांत्य सामना हलवला, हे शंभर टक्के खरं. फक्त त्याचा अर्थ उलटा लावलाय. ब्राझील-इंग्लंड सामना 25 ऑक्टोबरला गुवाहाटीत ठरला होता. 21 तारखेला तिथेच माली आणि घानाचा उपांत्यपूर्व सामना धो धो पावसानंतर चिखलात झाला. ज्यांनी तो टीव्हीवर पाहिला त्यांना आठवत असेल, चेंडू टप्पा घेण्याऐवजी जागच्या जागी रुतत होता. नंतरही पाऊस थांबेना. मैदान चार दिवसांत सावरणार नाही हे कळल्यावर 23 तारखेला सामना कोलकात्याला दिला. हातात उरले दोन दिवस! तेवढ्यात दोन संघ, पंच, प्रक्षेपणाचा सगळा पसारा हलवायचा, पोलीस बंदोबस्त उभा करायचा आणि तिकिटं नव्याने विकायची. गुवाहाटीच्या लोकांचे पैसे परत करायचे ते वेगळेच. कोलकात्यात त्या सामन्याला साठ हजारांहून जास्त माणूस आला. इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने तीन गोल ठोकून ब्राझीलला 3-1 असं गारद केलं.

गुवाहाटीकरांच्या तोंडचा घास गेला, त्यांचं वाईट वाटतंच. ईशान्येतलं ते एकमेव केंद्र, आणि भारताच्या 21 जणांच्या संघात आठ मुलं एकट्या मणिपूरची होती. पण पाऊस म्हणजे आयोजकांचा गुन्हा नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना त्या राड्यात उतरवून गुडघे मोडून घेतले असते, तर तो गुन्हा ठरला असता.

खऱ्या अर्थाने खटकावं असं आयोजनात दुसरंच काहीतरी होतं, आणि ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. भारताचा गट आधी नवी मुंबईत खेळणार होता. क्रीडा मंत्रालयाने आग्रह धरला आणि भारताचे सामने दिल्लीला गेले. स्पर्धेची सोडत मुंबईत, 7 जुलैला. आणि यजमान संघ मात्र राजधानीत. आम्हाला मिळाले तुर्कस्तान, पॅराग्वे, न्यूझीलंड, माली. माली बघायला मिळालं ही भरपाई मात्र व्याजासकट झाली. तुर्कस्तानला त्यांनी 3-0 ने लोळवलं तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या एका काकांनी त्यांना जे दत्तक घेतलं, ते उपांत्य सामन्यात स्पेनकडून 3-1 ने हरेपर्यंत सोडलं नाही.

पुढचा आरोप फुकट प्रवेशाचा. यजमानाला थेट प्रवेश मिळतो, हा सगळ्या जगाला लागू असलेला नियम आहे. त्यात भारताने कुणाची जागा चोरली नाही. तिन्ही सामने हरलो, हेही खरं. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. पण निकाल सांगणारा माणूस सामना सांगत नाही. अमेरिकेविरुद्ध 0-2 असताना अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळला, आणि त्याच चेंडूवर पलटवार होऊन तिसरा गोल बसला. कोलंबियाविरुद्ध पहिल्या सत्रात राहुल कन्नोलीचा चेंडू खांबाला लागून परत आला. मग 82 व्या मिनिटाला जेक्सन सिंगने कॉर्नरवर उंच उडी घेऊन हेडर मारला. फिफाच्या स्पर्धेत भारताचा पहिला गोल! 1950 साली ब्राझीलला जायची संधी असून आपण गेलो नव्हतो, त्यामुळे तोवर कुठल्याच वयोगटात आपण त्या मंचावर उतरलो नव्हतो. त्या गोलचा आनंद किती टिकला? जेमतेम एक मिनिट. मधल्या वर्तुळातून चेंडू सुरू झाला, आपली पोरं अजून हवेतच होती, आणि कोलंबियाच्या पेन्यालोसाने दुसरा गोल केला. त्या एका मिनिटात आपल्यात आणि त्यांच्यात काय फरक आहे ते जेवढं दिसलं, तेवढं 0-4 मध्येही दिसलं नाही.

तयारीतही गोंधळ होता, तो लपवायचं कारण नाही. जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांना स्पर्धेच्या वर्षातच जावं लागलं आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस यांच्या हाती संघ आला तो काही महिन्यांच्या बोलीवर. पण हा दोष भारतीय फुटबॉल महासंघाच्या संघबांधणीचा. स्टेडियमच्या खुर्च्यांशी आणि तिकीटविक्रीशी त्याची गाठ कशाला मारता?

मुलं गायब झाली, हे वाचून कोल्हापूरकर हसतील. त्या संघात आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव त्यांचा. पेठेपेठेत संघ असलेल्या आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी म्हटलं की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढणाऱ्या गावचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. विश्वचषक संपून महिना होतो न होतो तोच याच मुलांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ मोठ्यांच्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला 3-0 ने हरवून बसला. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे तो जमशेदपूर, हैदराबाद अशा क्लबांकडून आयएसएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळत राहिला. जेक्सन, सुरेश वांगजाम आणि अन्वर अली हे तिघे 2023 मध्ये बंगळुरूत दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकलेल्या भारताच्या मुख्य संघात होते. अन्वरची गोष्ट तर वेगळीच. 2019 मध्ये त्याच्या हृदयात दोष निघाला, खेळणं बंद करायची वेळ आली, तो न्यायालयापर्यंत गेला आणि परत मैदानात उतरला. ‘कुठे गेली ती मुलं’ म्हणणाऱ्यांनी निदान शोधून तरी बघावं.

आणि या वयात सगळेच तारे होत नसतात. त्याच स्पर्धेत आठ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवलेला ब्रूस्टर पुढे फार चमकला नाही. उत्कृष्ट खेळाडू ठरलेला फिल फोडन मात्र मँचेस्टर सिटीचा आधार झाला. अंतिम सामन्यात 0-2 ने मागे पडलेल्या इंग्लंडने 5-2 असा विजय खेचला, त्यात फोडनचे दोन गोल आणि मार्क गेहीचा एक. इंग्लंड मोठ्यांच्या स्पर्धांत उतरतं तेव्हा आजही मी घरात सांगतो, यांना आपल्या कोलकात्याने आधी पाहिलंय. घरातले आता ऐकून घेत नाहीत.

उरला शेवटचा आरोप, भारतीय फुटबॉल तिथेच राहिल्याचा. हा बराचसा खरा. किंबहुना लिहिणाऱ्याने जरा दयाच दाखवलीय. जुलै 2017 मध्ये आपला पुरुष संघ फिफा क्रमवारीत 96 वा होता. 2025 मध्ये तो 130 च्याही खाली घसरला. स्पर्धेच्या आधी शाळाशाळांत चेंडू वाटून एक कोटी दहा लाख मुलांपर्यंत फुटबॉल न्यायची मोहीम झाली. आपल्या राज्यातही 15 सप्टेंबरला दहा लाख मुलांना एकाच दिवशी मैदानावर उतरवायचा सरकारी कार्यक्रम झाला. फोटो छान आले. पण एका दिवसाच्या फुटबॉलने फुटबॉलपटू होत नाही. त्याला वर्षभर सामने लागतात, आणि ते भरवायचं काम जिल्हा संघटनांचं, राज्य संघटनेचं, क्लबांचं आहे. विश्वचषकाच्या आयोजन समितीचं काम 28 ऑक्टोबरला संपलं होतं.

तरी ‘काहीच’ हा शब्द मला पटत नाही, तो एका संघामुळे. 2016 च्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत आपण गोव्यात यजमान म्हणूनच खेळलो होतो आणि एकही सामना न जिंकता बाहेर पडलो होतो. 2018 ला मात्र पुढच्या तुकडीने पात्रता कमावली. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. मलेशियात आपण व्हिएतनामला 1-0 ने हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य रोखलं आणि गटात एकही गोल न खाता उपांत्यपूर्व फेरी गाठली. समोर दक्षिण कोरिया. तो एक सामना जिंकला असता तर 2019 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत यजमानपदाच्या चिठ्ठीशिवाय खेळला असता.

0-1 ने गेला.