पेन ड्राइव्ह कुणी उचलून नेला तर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (रामबागेत राहता, बँकेतून निवृत्त झालात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.) जुन्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावून विंडोजमधल्या रेडीबूस्ट या सोयीने थोडा वेग देता येतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की मेमरीतला मजकूर ड्राइव्हवर उतरत असेल तर तो खिशात घालून नेणारा तुमचा बँकेचा पासवर्डही नेईल, आणि असा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे.

शंका रास्त आहे. हार्ड डिस्कवरून वारंवार लागणाऱ्या मजकुराची नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवायची, ही रेडीबूस्टची रीत. त्यात रॅममध्ये (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत) न मावलेले, पेजफाइलमध्ये (अशा मजकुरासाठी डिस्कवर राखलेल्या फाइलीत) गेलेले तुकडेही येऊ शकतात. म्हणूनच २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ही सोय घरोघरी आली तेव्हापासून प्रत्येक तुकडा एईएसने (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलण्याच्या पद्धतीने) कुलूपबंद करूनच लिहिला जातो. किल्ली दर वेळी कॉम्प्युटर सुरू होताना नवी तयार होते. ती ड्राइव्हवर नसते. चोराला एक भलीमोठी फाइल दिसेल, वाचता काही येणार नाही. मूळ प्रत डिस्कवर असतेच, त्यामुळे ड्राइव्ह मध्येच उपसला तरी काही हरवत नाही, कॉम्प्युटर पुन्हा रखडतो एवढंच.

पण चूक माझीही आहे, आणि ती दुसरीकडे आहे. 'अर्धा ड्राइव्ह रेडीबूस्टला द्या, उरलेल्यात फाइली ठेवा' असं मी लिहिलं होतं. कुलूप फक्त त्या एका फाइलीला असतं. शेजारी ठेवलेलं पॅन कार्ड, पासबुकाचं स्कॅन उघडंच राहतं, आणि डिलीट केलं तरी बऱ्याचदा परत मिळवता येतं.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. गेल्या पावसाळ्यात मुलीचा फॉर्म छापायला असाच दुहेरी वापराचा ड्राइव्ह घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्यांच्या डेस्कटॉपवर अनोळखी लोकांची आधार कार्डं ओळीने पडलेली होती. एका आजींचा फोटो तर मोठा करूनच ठेवलेला. घरी येऊन पाहतो तर माझ्या प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट, खरी फोल्डरं लपवलेली. व्हायरस घेऊन आलो होतो, आणि तोच ड्राइव्ह रोज घरच्या मशीनला लागायचा.

तेव्हा रेडीबूस्टचा ड्राइव्ह वेगळा ठेवा. त्यावर दुसरं काही नको आणि तो घराबाहेर जायला नको. लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे.

मात्र तुमच्याकडे विंडोज ७ असेल तर पेन ड्राइव्हपेक्षा मोठी काळजी तीच आहे. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० नंतर सर्वसामान्यांसाठी बंद झाले. त्यावर बँकेचं काम करू नका, ड्राइव्ह लावलेला असो वा नसो. मशीनवर कुठलं विंडोज आहे आणि रॅम किती आहे, तेवढं कळवा. रॅमची एखादी खाच रिकामी असेल तर तिथे जास्तीची रॅम बसवता येईल, मग पेन ड्राइव्हची गरजच पडणार नाही.