रहदारीकडे पाठ करून चालू नका

'पहाटे फिरणाऱ्यांसाठी पाच सुवर्णनियम' हा फॉरवर्ड आईच्या फिरायच्या ग्रुपवर आला आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या जणी रस्त्याची बाजू बदलून चालू लागल्या. नियम असे: वाहनांच्याच दिशेने चाला, फ्लोरोसंट जॅकेट घाला म्हणजे अंधारात दिसाल, मोबाइलचा टॉर्च पुरे, इअरफोन एकाच कानात घाला, घोळक्याने शेजारीशेजारी चाला. यातला पहिला जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच.

त्याचं 'शास्त्रीय कारण' असं दिलंय: गाडी ताशी ६० किलोमीटरने येतेय, तुम्ही ५ ने चालताय. दिशा एकच असेल तर धडकेचा वेग ५५, समोरासमोर असाल तर ६५. वजाबाकी बरोबर आहे, पण ५५ ची धडकही माणसाला मारायला पुरते. धडक किती जोरात बसेल यापेक्षा ती टळेल का, हे महत्त्वाचं. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. ती कडेला सरकतेय हे ५० मीटरवरून दिसलं, तर रस्त्याखाली उतरायला तीन सेकंद मिळतात. पाठीमागून आली तर एकही नाही.

'पाठ केली की हेडलाइट डोळ्यांवर येत नाही' हेही त्यात लिहिलंय. खरं आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे: नजर रस्त्याच्या कडेवर ठेवा. आणि चालकाला तुम्ही दोन्ही बाजूंनी सारखेच दिसता, कारण दोन्ही वेळा तुम्ही त्याच्या जवळच्या कडेलाच असता. फरक पडतो तो तुम्हाला काय दिसतं त्यात.

ब्रिटनच्या 'हायवे कोड' या अधिकृत रहदारी नियमावलीतला नियम क्रमांक दोन बघा. तिथे वाहनं डावीकडून चालतात, आणि फुटपाथ नसेल तर पादचाऱ्याने उजव्या कडेने, येणारी वाहनं दिसतील असं चालावं, असं त्यात स्पष्ट आहे. जिथे वाहनं उजवीकडून चालतात तिथे अर्थातच डावी कड. फुटपाथ असेल तर प्रश्नच नाही, कुठल्याही बाजूचा वापरा. अपवादही त्याच नियमात आहे: उजवीकडे तीव्र वळण असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडा आणि वळण संपल्यावर परत या. आतल्या कडेचा माणूस समोरून येणाऱ्या चालकाला फार उशिरा दिसतो. आणखी एक, मागून येणारी गाडी ओव्हरटेक करताना तुमच्याच बाजूला येते. मागे आवाज वाढला की वळून बघा.

फ्लोरोसंट जॅकेटचं अर्धसत्य आहे. तो रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी झळकतो, म्हणून दिवसा आणि संधिप्रकाशात उत्तम. अंधारात हेडलाइटपुढे तो साध्या फिक्या कपड्यासारखाच. रात्री लागते रिफ्लेक्टिव्ह पट्टी, जी प्रकाश आला तिकडेच परत फेकते. 'हायवे कोड'नुसार ती साध्या कपड्याच्या तिप्पट अंतरापर्यंत दिसू शकते. ताशी ६४ किलोमीटरच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर थांबायला ३६ मीटर लागतात, हे लक्षात घेतलं की त्या अंतराची किंमत कळते. पट्टी नुसती छातीवर नको, घोटे आणि मनगटांवरही हवी. हलणाऱ्या पायांवरून चालकाला खांब नव्हे, माणूस आहे हे लगेच ओळखू येतं. मळलेली किंवा झिजलेली पट्टी निकामी. अंधारात दहा मीटरवरून फ्लॅश लावून फोटो काढा, पट्टी लखलखली नाही तर बदला.

मोबाइलचा टॉर्च खड्डा दाखवायला ठीक आहे. पण तो खाली वळलेला असतो, मागच्याला दिसत नाही. कमरेला मागे लाल दिवा लावा.

एका कानातला इअरफोनही नको. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो, आणि विद्युत गाडी कमी वेगात आधीच फार हळू वाजते.

सोबत असावी, पण फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर एकामागे एक चाला. सगळ्यांत पुढच्या आणि सगळ्यांत मागच्या व्यक्तीच्या अंगावर दिवा आणि पट्टी हवीच.