लाल दिसलं की पळस? नाही ओ, जरा गाडीवरून उतरून बघा

आठ दिवसात हा मेसेज मला सोलापुरातल्याच चार-पाच ग्रुपवर आला. म्हणे उन्हाळा लागताना रानातलं झाड ओळखायला नुसता रंग बघा, लाल-केशरी असेल तर पळस, पिवळं असेल तर बहावा, गुलाबी असेल तर आपलं देशी चेरी ब्लॉसम, आणि गुलमोहरासकट ही सगळी इथलीच झाडं, बिनधास्त लावा. लोकं विश्वासानं पुढं पाठवायलेत, पोरांना तेच शिकवायलेत, म्हणून लिहायला बसलो.

लाल-केशरीचं आधी. पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही झाडं पानं गाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, लांबून सारखीच वाटतात, मान्य. पण परवा तुळजापूर रोडला असंच एक "पळस" बघायला थांबलो, खाली पडलेलं फूल उचललं तर हाताला चांगलं जड, पाच जाड पाकळ्या, मधे केसरांचा झुबका, आणि खोडावर बुडाशी रुंद असे टोकदार काटे. ही काटेसावर की! पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं असतं, देठाकडची वाटी काळपट आणि मखमली, आणि खोडाला काटा नावाला नाही. पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात, लालभडक फुलं टोकाला घोसानं येतात. "पळसाला पानं तीनच" म्हणून खूण धरायला जाल तर फसाल, कारण पांगाऱ्यालाही तीनच. मग शेंग बघायची, पळसाची चपटी आणि टोकाला एकच बी, पांगाऱ्याची बियांच्या जागी फुगलेली, मधे आवळलेली. रंगपंचमीचा रंग पळसाच्या फुलांचा करतात, तेव्हा हा फरक कळायलाच पाहिजे.

पिवळं म्हणजे बहावा हेही चूक. फेब्रुवारीत बिनपानाच्या झाडावर मोठी पिवळी फुलं दिसली तर ती बहुतेक सोनसावर, म्हणजे गणेर. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो.

गुलाबी झाड आपल्याकडं बांधावर आणि लागवडीत भरपूर दिसतं ते गिरीपुष्प, ग्लिरिसिडिया. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, हिरवळीच्या खतासाठी लावलेलं. चेरीशी काही नातं नाही, फूल वाटाण्याच्या फुलासारखं असतं. याला उंदीरमारी पण म्हणतात, बी आणि साल उंदरांसाठी विष म्हणून वापरतात, तेव्हा छान दिसतंय म्हणून पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

गुलमोहर मादागास्करचा. सावली देतो, मेमध्ये सुंदर दिसतो, पण देशी नाही.

बहावा लावणार असाल तर रोप घेताना पान बघून घ्या. रस्त्याकडेला पिवळा फुलणारा सोनमोहर वेगळा, त्याची पानं चिंचेसारखी बारीक, फुलांचे तुरे वर उभे. बहाव्याचं एकेक पान तळहाताएवढं असतं आणि फुलांचे घोस खाली लोंबतात.