खेळा, पण आधी भरा

मांडवीतल्या कॅसिनोत गोमंतकीयांना मज्जाव आहे, याचं काहींना अजून वाईट वाटतं. बाहेरच्याने येऊन आत हरावं आणि आपण पणजीत रोस ऑम्लेट खात काठावरून दिवे बघावेत, अशी व्यवस्था सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून लावून दिली आहे. तुम्ही मुळीच खट्टू होऊ नका. मोबाईलवर एक बरासा गेम उतरवून घ्या. बोटीची वाट बघायला नको, दारावर कुणी आधारकार्ड विचारत नाही, आणि वयाचं म्हणाल तर 'मी अठरा वर्षांचा आहे' या चौकोनावर टिचकी मारण्याइतकं बोट वळायला लागलं की झालं.

गेम निवडताना फुकटचाच निवडा. विकतचा गेम एकदाच लुबाडतो आणि गप्प बसतो, त्यात मजा ती काय! फुकटच्या गेमची हौस कधी फिटत नाही.

आत दुकान असतं. तिथे शिरलात की रुपये विसरायचे. तिथे हिरे, नाणी, यूसी असलं काहीबाही चालतं आणि ते हवं तेवढं नेमकं कधीच मिळत नाही. समजा तुम्हाला हवा असलेला पास ३६० चा आहे. पाकिटं मिळतात ६० ची आणि ३२५ ची. ३२५ चं घेतलंत, ३५ कमी पडले. मग आणखी ६० घ्या. आता २५ उरले. या २५ मध्ये साधा मोजाही येत नाही, पण पैसे दिलेले असल्यामुळे सोडवतही नाहीत. म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा या. हिशेब घालत बसू नका, हिशेब घालणाऱ्याला हा छंद परवडत नाही.

चक्र मात्र फिरवाच. मध्यभागी सोनेरी बंदूक, भोवती पंधरा-वीस खण. 'फिरवा' दाबलं की उजेडाचा चौकोन धावत सुटतो. सोनेरी बंदुकीपाशी येता येता इतका मंदावतो की शेजारी बसलेली धाकटी बहीणसुद्धा श्वास रोखून धरते, आणि मग एक घर पुढे सरकून तो हिरव्या टोपीवर जाऊन बसतो. हिरवी टोपी तुमच्याकडे आधीच असते. म्हणून तिचे तुकडे करून तुम्हाला देतात. असे बरेच तुकडे साठले की त्यांच्या बदल्यात काय मिळतं? टोपी. पण निळी.

याला जुगार म्हणू नका. जुगार म्हणजे जत्रेतला गडगडा, त्यावर पोलिसांची धाड पडते. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केले. आपल्या चक्रात ती भानगडच नाही. इथे पैसे फक्त आत जातात, बाहेर यायची वाटच ठेवलेली नाही, मग कायद्याने हरकत घ्यावी ती कशाला? बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या नशिबाच्या पेट्यांना (पैसे भरून उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर) जुगार ठरवलं खरं. पण बेल्जियमला मांडवी कुठे आहे?

माझा भाचा डिचोलीला असतो. त्याने गेममधल्या बंदुकीला भारीतली स्किन, म्हणजे नुसता रंगीत पोशाख, घेतली. मी विचारलं, "काय रे, हिने नेम जास्त चांगला लागतो का?"

"नाही मामा. पण मेल्यावर बरं दिसतं."

या पोरांची पिढी बिघडली असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास वाचावा. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' गेमच्या घोड्यासाठी अडीच डॉलरांचं चिलखत विकायला काढलं, तेव्हा जगभरचे गेमर हसले. घोड्याला कपडे, तेही पैसे मोजून! हसता हसता अनेकांनी विकतही घेतलं. पुढे २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' आला. संपूर्ण किमतीला घेतलेल्या त्या गेममध्ये डार्थ व्हेडर हा सगळ्यांचा लाडका खलनायक कुलूपबंद होता. किल्ली गेममधल्या ६०,००० क्रेडिटची, म्हणजे हिशेबी खेळाडूंच्या मते साधारण ४० तासांची मजुरी. लोक भडकले. यश मिळवल्याचा अभिमान तुम्हाला वाटावा म्हणूनच ही योजना, असा खुलासा कंपनीने केला. त्या खुलाशावर सहा लाखांहून जास्त नापसंतीचे शिक्के पडले आणि गिनीज बुकात नोंद झाली. क्रेडिटचा आकडा मग खाली आणला म्हणा. कंपनीला अभिमान वाटला की नाही, ते कळलेलं नाही.

आता वर्गणी. इंटरनेटचे पैसे एकाला द्यायचे आणि त्या इंटरनेटवरून मित्राशी खेळू दिल्याचे दुसऱ्याला, हे ज्याला विचित्र वाटतं त्याने पत्ते खेळावेत. प्लेस्टेशन तीनवर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये चार आला आणि बहुतेक गेमांसाठी ही चैन संपली. एक्सबॉक्सची गेम पास अल्टिमेट ही वर्गणी अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये एका फटक्यात महिन्याला दहा डॉलरांनी महागली. आषाढात करंट जातो, वाय-फाय जातं, कौलांतून पाणी कन्सोलवर ठिबकतं. वर्गणीला मात्र पाऊस लागत नाही.

रिझर्व्ह बँकेने एक आगाऊपणा करून ठेवला आहे. २०२१ पासून खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. तो एसएमएस उघडू नका. उघडलाच तर 'रद्द करा' शोधावं लागेल. मग सेटिंग्ज, खातं, सदस्यत्व, 'खरंच जाताय?', 'काय चुकलं आमचं?', आणि शेवटी तुमचा लाडका हिरो डोळ्यांत पाणी आणून उभा. इतकी माणुसकी गावात तरी कुठे राहिली आहे? 'राहू दे' दाबा.

आणि हो, घेतलेला गेम आपला असतो, हा भ्रम आजच काढून टाका. २०१४ मध्ये आलेला 'द क्रू' लोकांनी रीतसर पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि गेमही बंद, एकट्याने गाडी फिरवायचीसुद्धा सोय राहिली नाही. गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने निदान घराबाहेर काढण्यापासून संरक्षण दिलं. आपण त्याच्याहून खालचे. भाडं भरा, झाडलोट करा, रोज हजेरी लावा, आणि भाटकाराच्या मनात आलं की चालू पडा.

तरी हट्टच असेल तर मामलेदाराकडे अर्ज टाकून बघा. पाहणीला तलाठी येईल. त्याच्याकडून आधी महिन्याची वर्गणी भरून घ्या, नाहीतर त्याला आत सोडणार नाहीत.