‘आळसाला गोंडस नाव’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुलांच्या परफेक्शनच्या ध्यासाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर ‘परफेक्शनचा ध्यास हा आजार ठरवून तुम्ही आळसाला गोंडस नाव देताय, चुका पोटात घातल्या तर मुलं सुमारच राहणार,’ असं तुम्ही लिहिलंय. अर्धं मान्य. मुलांकडून अपेक्षाच ठेवू नयेत असा अर्थ निघेल, असं एक वाक्य माझ्याकडून सैल लिहिलं गेलं. मला बोलायचं होतं ते चुकीच्या धास्तीबद्दल.

माझ्याकडे शिकायला येणारी नववीतली एक मुलगी निबंधाचं पहिलं वाक्य लिहायची, एक शब्द खोडावा लागला की पान टरकन फाडायची. दोन महिन्यांत वही निम्मी झाली आणि निबंध झाले दोन. मग वही ‘विसरायला’ लागली. मीही तिला आळशी म्हणून मोकळी झाले होते. एकदा खोदून विचारलं तर म्हणाली, ‘केलंच नाही तर निदान चुकलं तरी नाही ना!’ आता ही आळशी म्हणायची का?

अभ्यासकही परफेक्शनचा सगळा ध्यास एकाच पोत्यात भरत नाहीत. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली तीन प्रकार वेगळे केले: स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि ‘मी परफेक्ट असलो तरच लोक मला मानतील’ ही समजूत. नैराश्य आणि चिंतेशी जास्त घट्ट नातं दिसतं ते या तिसऱ्याचं. करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सगळ्यात जास्त वाढला तोही हाच. (ही कॉलेजातली मुलं, त्यामुळे शाळकरी पोरांना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.)

‘सर्जनने चुकून चालेल का?’ हे तुमचं उदाहरण चोख आहे, पण ते माझ्याच बाजूचं. पहिले वेडेवाकडे टाके घालायला त्यालाही सरावाची जागा मिळालेली असते. ती मिळाली नसती तर त्याने सुई हातात धरली असती का?

मुलाला ९२ मिळाल्यावर ‘आठ कुठे गेले?’ असं तुम्ही विचारलंत, असं तुम्हीच लिहिलंय. त्यावर तो काय म्हणाला, ते मात्र लिहिलेलं नाही. ते वाचायला मला आवडेल.