काळा ग्रॅनाइट ओटा फोडायच्या आधी

घर सजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं सार असं: काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आरोग्याला घातक आहे. दगडाला छिद्रं असतात, त्यात जंतू राहतात. त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. दरवर्षी सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, मारावा लागतो आणि काळा रंगही उतरतो. म्हणून तो फोडा आणि पांढरा क्वार्ट्झ किंवा नॅनो या कारखान्यात बनलेल्या लाद्या बसवा; त्यावर डाग नाही, चटका नाही, जोड नाही, आयुष्यभर बघायला नको. यातलं थोडंफार खरं आहे, ते पुढे येईलच. बाकीचं तपासू.

छिद्रं आणि जंतू. छिद्रं असतात, पण किती? बांधकामाच्या ग्रॅनाइटसाठी अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या ०.४ टक्के आहे. एक फूट बाय एक फूट, २० मिमी जाडीचा तुकडा साधारण ५ किलो भरतो. म्हणजे तो दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवला तरी फार तर २० ग्रॅम पाणी पिईल. त्यातही आपल्याकडे ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जे मिळतं ते भूशास्त्राच्या भाषेत बहुतेकदा ग्रॅनाइट नसतंच. ते गॅब्रो किंवा डोलेराइट असतं. आंध्रातल्या चिमाकुर्तीहून येणारा सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी याच जातीचा. हे दगड घट्ट असतात आणि फिकट, मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटपेक्षा सहसा कमी पाणी पितात.

जंतूंना ओल लागते, खाणं लागतं आणि न पुसलेला वेळ लागतो. हे तिन्ही एकत्र कुठे मिळतं ते बघायचं असेल तर नळाच्या मागे, ओटा आणि डॅडोच्या टाइल्स जिथे भेटतात त्या रेघेत एक टूथपिक फिरवा. टोकाला काळपट चिकट लगदा येईल: कणीक, तेल, साबण, आणि मूळचं पांढरं सिमेंट. सिंकच्या कडेला आणि पुढच्या पट्टीच्या खालच्या अंगालाही तेच सापडेल. हा लगदा क्वार्ट्झच्या ओट्यामागेही तितक्याच आनंदाने जमतो. पांढरं सिमेंट पाणी पितं, आकसतं, तडकतं. वर कोणता दगड आहे याने त्याला काही फरक पडत नाही.

मासे-मटण ओट्यावर ठेवलं असेल तर आधी साबणाच्या पाण्याने चिकटा काढा. मग साधारण ४ टक्क्यांचं साधं ब्लीच १ लिटर पाण्यात ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, घालून ते फिरवा, दोन मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसा. क्रम उलटा केला तर ब्लीच चिकट्यावरच खर्ची पडतं. व्हिनेगर, लिंबू किंवा संडासाचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. आणि फडकं रोज वाळलं पाहिजे. सिंकच्या नळावर ओलं लटकणारं फडकं ओट्यापेक्षा घाण असतं.

रेडॉन. दगडात युरेनियमचा अंश असतो, त्यातून थोडा रेडॉन निघतो, हे बरोबर. पण घरातला रेडॉन मुख्यतः जमिनीतून येतो. ओट्याचा वाटा सहसा नगण्य असतो. गंमत म्हणजे काळ्या गॅब्रोसारख्या दगडांत युरेनियम फिकट ग्रॅनाइटपेक्षा कमीच असतं. ज्याच्याबद्दल भीती घातली जाते तोच त्यातला गरीब.

‘क्वार्ट्झला चटका लागत नाही.’ मेसेजमधलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. क्वार्ट्झचा ओटा म्हणजे खाणीतला दगड नव्हे. वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि उरलेली पॉलिएस्टर रेझिन, दाबून घट्ट केलेली लादी. चुऱ्याला काही होत नाही, रेझिनला होतं. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे ती पिवळी पडू लागते.

आता आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडा. शिट्टी होताना कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, बूड त्याहून गरम. भाकरीचा लोखंडी तवा २०० च्या सहज वर जातो. फोडणीची पळी तर विचारू नका. घाईत तवा ओट्यावर टेकला की तपकिरी गोल उमटतो, आणि हा डाग वर बसलेला नसतो, रेझिनच जळलेली असते. घासून जात नाही. एकाच जागी अचानक उष्णता लागून तडा गेल्याचीही उदाहरणं आहेत. ग्रॅनाइट वितळलेल्या खडकातून गोठलेला आहे, तव्याचं त्याला कौतुक नाही. तरी अगदी गरम भांडं सिंकजवळच्या ओल्या, थंड भागावर आदळू नका.

हळदीचंही तसंच. तिचं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीचं तेल पांढऱ्या क्वार्ट्झवर, त्यातही मॅट फिनिशवर, रात्रभर राहिलं तर पिवळी सावली उरते. लगेच साबणाने पुसलं तर निघते. म्हणजे ‘बघायला नको’ हे खोटं. आणि खिडकीतून रोज ऊन थेट पडत असेल तर पांढरी रेझिन काही वर्षांनी पिवळसर होते.

नॅनो. ही खरं तर स्फटिकरूप काच. पाणी पीत नाही, रेझिन नसल्याने पिवळी पडत नाही. इथवर मेसेज बरोबर. पण काच ती काच. नारळ कडेवर आपटला, खलबत्ता ओट्यावरच कुटला, की टवका उडतो, आणि पांढऱ्यावर तो लपत नाही.

‘जोड नाही.’ लादीला लांबी असते आणि ओटा एल आकाराचा असतो. जोड येणारच, साहित्य काहीही असो. फक्त तो सिंकच्या किंवा हॉबच्या कटआउटवर येऊ देऊ नका. कटआउटचे कोपरे काटकोनात कापू नका. निदान ६ मिमी गोलाई ठेवायला सांगा, कारण तडा बहुधा टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो.

सीलर आणि उतरणारा रंग. सीलर दरवर्षी लागतो की नाही हे कॅलेंडर नाही, दगड सांगतो. ओटा पूर्ण कोरडा करून त्यावर पाण्याचा थेंब पंधरा मिनिटं ठेवा, मग पुसा. खाली गडद ठिपका राहिला तर सीलर हवा. फिकट ग्रॅनाइटवर तो राहू शकतो. घट्ट काळ्यावर बहुधा नाही, आणि तिथे उगाच मारलेला सीलर आत न मुरता वर धुरकट थर धरून बसतो.

रंगाचं वाक्य मात्र काही दगडांबाबत खरं आहे. करडा, स्वस्त दगड काळ्या रंगाने किंवा तेलाने गडद करून विकला जातो. घेण्याआधी ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पांढरं फडकं भिजवून पॉलिश बाजूवर जोर लावून घासा. फडक्यावर काळं आलं तर तो दगड सोडा. दुसरी चाचणी लिंबाची: तुकड्यावर रस पंधरा मिनिटं ठेवा. तिथली चमक मेली तर त्यात चुना आहे. कडप्प्याचं हेच होतं, तो चुनखडीच आहे. म्हणून तो ओट्याच्या खाली आधाराला उत्तम, वर चिंच-आमसुलाच्या वाट्यांखाली नाही.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ती गोष्ट म्हणजे कापणी. क्वार्ट्झच्या लादीची बारीक धूळ जवळपास सगळी सिलिका असते; कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होत असल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. खऱ्या ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. काहीही बसवा, पण सोसायटीच्या जिन्यात कोरडा ग्राइंडर चालवू देऊ नका. पाणी सोडत कापायला सांगा आणि मिस्त्रीला चांगला मास्क द्या. नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

तुमचा सध्याचा ओटा न तडकलेला, न रंगवलेला काळा दगड असेल तर फोडण्याऐवजी त्या टूथपिकच्या रेघेकडे वळा. जुनं पांढरं सिमेंट कटरने खरवडून काढा, एक दिवस पूर्ण वाळू द्या. दगडाला दगड मिळतो तिथे एपॉक्सी ग्राउट भरा. ओटा भिंतीला आणि सिंकला मिळतो तिथे बुरशीरोधक सिलिकॉन, कारण तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात आणि कडक भरण तडकतं. दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकाच ओढीत फिरवा, आणि साय धरायच्या आत टेप काढा. मग २४ तास त्या रेघेला पाणी लागू द्यायचं नाही. भांडी तेवढा एक दिवस बाथरूममध्ये घासावी लागतील.